रिकामे दोन ठोके

थडियस क्रम स्वतःला प्रोफेसर म्हणवून घ्यायचा. कुठल्या कॉलेजात शिकवलंत, असं विचारलं की मिशीला पीळ द्यायचा. आमच्या ओहायोत बँडची काठी ज्याच्या हाती तो प्रोफेसर, आणि जत्रेत दात उपटणाराही प्रोफेसरच! छातीवर पदकांची रांग, त्यातली निम्मी त्याने स्वतःच घडवून घेतलेली. लढाईत हा मागे तंबूपाशी कॉर्नेट नावाची पितळी तुतारी फुंकत बसे. माझा नवरा जेबेज व्हिटलॉक त्याच पलटणीत मोठा ढोल वाजवायचा, आणि गोळीबार सुरू झाला की ढोल ठेवून जखमींना उचलून आणायचा. छातीचं दुखणं त्याने तिथूनच आणलं आणि त्यातच तो गेला.

त्यानंतरचा हिवाळाभर क्रम माझ्या चुलीजवळ बसून माझं हॅम आणि मक्याचा पाव चापत होता. त्या बदल्यात त्याने जेबेजच्या नावाचा एक मार्च, बँडच्या संचलनाची धून, रचला. माणूस फुसका, पण मार्च अस्सल निघाला, आणि याचाच मला जास्त राग येतो. मध्येच ढोल दोन ठोके गप्प बसतो. "ती जागा जेबेजची," क्रम म्हणाला होता, आणि मी वेडी रडले होते.

मे महिन्यात सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहतात, तेव्हा दरवर्षी हा मार्च वाजायचा. ते दोन ठोके आले की रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष टोपी काढायचा. कुणी शिकवलं नव्हतं. गावाची सवयच झाली होती ती.

मग सिनेटर बार्टलेट गावात येणार असं ठरलं. अग्निशामक दलाच्या माडीवर बँडची तालीम चालू होती आणि मी खालून चालले होते. जेबेजचाच मार्च, पण घोड्याला चाबूक मारल्यासारखा पळवलेला. तशीच वर गेले.

"प्रोफेसर, हा जेबेजचा आहे."

"होता, हल्डाबाई. आता याचं नाव 'सिनेटर बार्टलेट ग्रँड मार्च'. छापूनसुद्धा आला."

"लाज वाटत नाही?"

"अहो, मेलेल्याला काय ऐकू येतंय? सिनेटरला येतं. आणि पोस्टमास्तर कोणाला करायचं ते त्यांच्या हातात आहे. जरा व्यवहाराने घ्या की."

जेबेजच्या मागे ढोल ऑर्सन टटलकडे आला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "अगं हल्डा, ते रिकामे ठोकेही भरलेत यांनी. मला वाजवायला लावतात."

"मग वाजव की! प्रोफेसरसाहेबांचं पोट अजून भरलेलं नाही," मी म्हणाले आणि उतरले. जेबेजचं नाव राहिलं होतं ते त्या मार्चमध्येच; कबरीवरचा लाकडी क्रूस केव्हाच कुजला होता.

सिनेटर आला. उघड्या बग्गीत उभा राहून हात हलवत होता, शेजारी क्रम फुलून काठी फिरवत होता. बँड वाजत पोस्टासमोर आला. ती जागा आली आणि ऑर्सनने ढोलाची मोगरी वर उचलली ती वरच धरली.

टोप्या उतरल्या. लोहाराची, न्यायाधीशाची, सगळ्यांची. वादक थबकले, वाजवणं थांबलं. क्रम काठी हाणत राहिला, पण एकही भोंगा तोंडाला लागेना. जिवंत सिनेटर बग्गीत उभा आणि समोर सगळं गाव माना खाली घालून!

सिनेटर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "क्रम, कोण गेलं?"

ऑर्सन ओरडला, "जेबेज व्हिटलॉक! मार्च त्याचा आहे, साहेब."

सिनेटर काही मूर्ख नव्हता. मतं कुठे आहेत ते त्याला दिसलं. त्याने टोपी काढली.

पोस्टाची जागा क्रमला तरीही मिळाली, असल्यांना मिळतेच. परगावी तो मार्च सिनेटरच्या नावानेच वाजतो म्हणतात. वाजो. आमच्या गावात मात्र मे महिन्यात ऑर्सन बँडला पोस्टाच्या दारातच थांबवतो, आणि पोस्टमास्तरला खिडकीमागून उठून बाहेर यावं लागतं. मी समोरच उभी असते. त्याच्या डोक्यावरची टोपी उतरेपर्यंत ऑर्सन पुढचा ठोका देत नाही.