मास्तरांचं विमान

"गुडघा वाकत नाही, अन् म्हणे विमानात बसा. विमानात गुडघे कुठे ठेवतात ते सांगितलंय का कोणी?" मास्तर मेणाशी पुटपुटले.

मेणाशीच, कारण माणसाशी बोलताहेत असं दिसलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पण डबेताई हातभर अंतरावर बसून तयार कवळ्या कापसात गुंडाळत होती, आणि तिचे कान तिखट होते. तिनं न ऐकल्यासारखं केलं. सकाळपासून न ऐकल्यासारखं करण्यातच तिचा दिवस चालला होता.

दातांची ती लॅब म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना. दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे. मास्तर त्यावरून मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचे, घासूबाई फिरत्या चाकावर कवळीला चकाकी आणायची, आणि कोणाचं तोंड कोणत्या दवाखान्यात जायचं ते चिठ्ठीवर लिहून डबेताई डबे रवाना करायची. या सगळ्यांवर धाकटे साहेब. थोरल्या साहेबांमागे लॅब अंगावर पडलेला, मनानं चांगला पण घाईचा मुलगा. महिनाअखेर मास्तर कामातून मोकळे होणार होते, आणि त्यांना काय द्यायचं हा विषय साहेबानंच गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काढला.

मास्तर तेव्हा जिन्यात फोनवर होते. दर गुरुवारी असायचे. लेकीचा फोन.

"घड्याळ नको, पेन नको," साहेब म्हणाला. "विमानाचं तिकीट देऊ. जाऊन-येऊन. मुलगी इतकी बोलावते आणि हे आपले आमच्यासाठी अडकून पडलेत. पैसे मी घालतो. माझं कार्ड नव्या भट्टीच्या हप्त्यात गुंतलंय, तेवढं ताईंच्या कार्डावर काढू, पगारासोबत परत देतो. काय?"

घासूबाईचा घास हातातच राहिला. ताईनं तहान नसताना पाणी प्यायलं. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे न बघता माना डोलावल्या. वाईट माणसं ढकलतात तेव्हा निदान आरडाओरडा तरी करता येतो. चांगल्या माणसांनी मिळून खड्ड्यात घातलं तर आभार मानत पडावं लागतं.

कारण साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीचा फोन येत नव्हता.

ताईला दोन वर्षांपूर्वी कळलं. गुरुवारचीच गोष्ट. ती डबा घेऊन जिना उतरत होती आणि मास्तर फोन कानाला लावून म्हणत होते, "हो गं बाई, घेतो गोळ्या. तू काय माझी आई आहेस?" तेवढ्यात तोच फोन त्यांच्या कानावर वाजला. मोठ्यानं, ठणाणा. एका दंतवैद्याला आपली कवळी कुठवर आली ते विचारायचं होतं. मास्तरांनी दचकून फोन असा धरला, जणू खिशातून विंचू निघाला. ताई पायऱ्यांकडे बघत खाली गेली ती गेलीच. पुढं कधी तरी घासूबाईशी नजरानजर झाली तेव्हा समजलं, तिलाही माहीत आहे. दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

आणि खोटं तरी किती सुबक. मास्तर कवळी करताना पुढचा एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवायचे. "सगळे सरळ लावले की लगेच कळतं," म्हणायचे, "एक वाकडा लाव, मग बाकीचे खरे वाटतात." लेकीच्या गोष्टीतही तसंच. लेक बोलावते, आग्रह करते, पण फार बोलते हो, साखरेवरून टोकते, माझ्या जुन्या चपलांवरून भांडते. त्या चपलांच्या भांडणानं साहेबच काय, ताईही वर्षभर फसली होती.

तिनं ते उघडं पाडलं नाही याला कारण होतं. ताईचा नवरा घर सोडून गेला तेव्हा तिनं लॅबमध्ये सांगितलं होतं की तो फिरतीवर आहे. फिरती लांबली. सहा महिने, वर्ष, तीन वर्षं. कोणी खवचटपणे विचारलं की मास्तर मेणातून मान वर न काढता म्हणायचे, "फिरतीची नोकरी अशीच असते. माझा साडू तर चेहरा विसरायला लावायचा." मास्तरांना साडू नव्हता. ते ताईला ठाऊक होतं, आणि ताईला ठाऊक आहे हे मास्तरांना.

तर अशा माणसाचं तिकीट आज पाच वाजेपर्यंत काढायचं होतं. तिकीटवाल्या मुलीनं जागा धरून ठेवली होती, पाचनंतर ती सुटणार. पैसे भरायचं पान तिनं ताईच्या फोनवर पाठवलं होतं आणि ते पान दहा मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद पडायचं. ताईनं ते सकाळपासून चारदा उघडलं, चारदा बंद पडू दिलं. जिवाला थारा म्हणून नव्हता. एका दवाखान्याच्या डब्यावर दुसऱ्याची चिठ्ठी लावली, काढली, पुन्हा तीच लावली.

"झालं का ताई?" साहेब दारातून डोकावला.

"ओळखपत्रावरचं नाव जुळवतेय, साहेब."

"एक नाव जुळवायला इतका वेळ? बत्तीस दात जुळवतात मास्तर तेवढ्यात."

साहेब हसला. मास्तरही हसले, जरा उशिरा.

अकराला मास्तर म्हणाले, पुढच्या महिन्यात तिच्याकडे रंगकाम आहे बहुतेक. साडेबाराला म्हणाले, तिकडची हवा फार कोरडी, माझ्या छातीला सोसत नाही. दोन वाजता ओळखपत्रच सापडेना. ते शोधण्यात अर्धा तास गेला, आणि मग ते त्यांच्याच खिशात, शर्टाच्या आत घातलेल्या दुसऱ्या शर्टाच्या खिशात निघालं. साहेबाला प्रत्येक वेळी वाटलं, भिडस्त माणूस, आपल्याला खर्चात घालायला लाजतोय. तो आणखीच पेटला. "मास्तर, खिडकीची जागा सांगितलीय," म्हणाला. मास्तरांनी "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये ऐकणाऱ्याला कळावं एवढं सगळं होतं, पण साहेब तोवर केबिनमध्ये गेला होता.

तीनच्या चहाला घासूबाईनं ताईला चाकामागं ओढलं.

"तू भरणार आहेस पैसे?"

"मग काय करू?"

"तिथं उतरवून काय करायचं त्यांचं? पाखरासारखं मोकळं सोडायचं?"

"मग तू सांग साहेबाला."

"मी कशाला सांगू? कार्ड तुझं."

"कार्ड माझं म्हणजे पापही माझं का?"

"मी आपलं म्हटलं," घासूबाई म्हणाली आणि चष्म्यावर फुंकर मारून पुसायला लागली. "आपल्याला काय, आपण घासायचं काम करणारी माणसं."

ताई तिथून उठली ती तडक मास्तरांच्या टेबलाशी गेली. तिला वाटलं, आपणच एक वाट काढून द्यावी. साधी, कोणाचं नाक न कापणारी.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "जागा संपल्या असं सांगू का साहेबांना? असं होतं कधी कधी. कोणाला काही वाटणार नाही."

मास्तरांच्या हातातला गरम चमचा मेणावर थांबला. मेण वितळून समोरचा दात कलला.

"का?" ते म्हणाले.

"नाही, म्हणजे गुडघा..."

"माझ्या गुडघ्याची काळजी तुला कधीपासून? माझ्या लेकीकडे जायला मला जागा मिळू नये? सगळ्या जगाला मिळते. परवा तो पोरकट दंतवैद्य जाऊन आला."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि तिला एकदम जाणवलं, ते रागावलेले नाहीत, भ्यालेले आहेत. तिनं सांगितलं तर काय, याला. आणि तिनं नाही सांगितलं तर काय, यालाही.

"काढते तिकीट," ती म्हणाली. "खुर्ची सांगते मग विमानतळावर, चाकांची. एवढं चालणं नको तुम्हाला."

ही तिची कळकळ. आणि घोडं नेमकं या कळकळीपाशीच पेंड खाणार होतं, हे तिला पावणेपाचला कळलं. पाचव्यांदा पान उघडलं तेव्हा खुर्चीमुळे त्यात एक नवा चौकोन आला होता आणि तो भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. तिनं तिकीटवाल्या मुलीला फोन लावला. हात कापसानं आणि डिंकानं बरबटलेले, म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हां ताई, ते खुर्चीचं," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज दोन्ही खोल्यांत पोचला. "आजोबांना इकडून तुम्ही सोडणार, ते लिहिलंय मी. तिकडे उतरल्यावर न्यायला कोण येणार? नाव आणि नंबर लागतो. त्याशिवाय विमानवाले माणसाला ताब्यात देत नाहीत."

घासूबाईचं चाक गरगरत हळू झालं आणि थांबलं. साहेब केबिनमधून बाहेर आला, हातात चहाचा कप.

"लेकीचा द्या ना, मास्तर," तो सहज म्हणाला. "पाठच असेल."

मास्तरांनी हात पुसले. पुसून झाले तरी फडकं सोडलं नाही.

"माझाच लिही," ताई घाईनं फोनला म्हणाली. "माझंच नाव, माझाच नंबर."

"तुम्ही इकडे सोडणार ना ताई? मग तिकडे कशा पोचाल, विमानाच्या आधी?"

"मग घासू... मग आमच्या दुसऱ्या बाईंचा लिही."

"त्या तिकडे राहतात का?"

"राहतात कुठल्या," घासूबाई चाकामागून म्हणाली. "मी इथंच मरतेय रोज."

साहेब एकदा ताईकडे, एकदा घासूबाईकडे बघायला लागला. तो हुशार नसेल, पण मूर्खही नव्हता. एवढी माणसं एकाच वेळी गप्प बसायचा प्रयत्न करताहेत हे त्यालाही दिसलं.

"हॅलो?" मुलगी म्हणाली. "पाच वाजायला सात मिनिटं आहेत हां."

"नंतर करते," ताई कुजबुजली आणि फोन बंद करायला हात नेला.

मास्तरांनी तिचा हात बाजूला केला. खुर्ची मागे सरकवून, गुडघ्यावर तळवा दाबत ते उभे राहिले, तोंड फोनजवळ नेलं. फोनमधल्या पोरीला कदाचित ऐकू जाणार नाही असं वाटून ते गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले.

"मुली, मीच तो म्हातारा. खुर्ची राहू दे, काढून टाक. मी चालत जाईन लेकीच्या दारापर्यंत. ताई, तू पैसे भर. भर म्हणतो ना. तिचा पत्ता आहे माझ्याकडे, नंबर नाही."

"पण आजोबा, त्यांना कळवलं तर त्या येतील ना न्यायला?"

साहेब कप ठेवायला जागा शोधत होता, ती त्याला सापडत नव्हती.

"नाही येणार," मास्तर म्हणाले. "फोनही येत नाही तिचा. कधीच आला नाही. दंतवैद्य व्हायला घातलं होतं तिला मी. शिक्षण अर्ध्यावर सोडून निघाली, तेव्हा म्हणालो, या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारी पोर. नाही ठेवलं."