मळ्याची कॉफी, गिरगावचे जायफळ

मित्रांनो, मी एक जुनी हातचक्की आहे, कॉफी दळायची. वर पितळी नरसाळे, पोटात पोलादी दात, बाजूला लाकडी मुठीचा दांडा. गिरगावातल्या एका वाडीत, एका पाठारे प्रभू कुटुंबाच्या ओट्याशी मला घट्ट बसवले आहे. पण माझा जन्मभराचा संबंध आहे तो कुर्गच्या डोंगरातल्या मळ्याशी.

आमचे अप्पा फोर्टात कॉफीच्या पेढीवर कारकून होते. कुर्गमधल्या एका मळ्यावर तांबेरा पडला, झाडे गेली, आणि मळ्याचा मालक, एक गोरा साहेब, कंटाळून विलायतेला निघाला. अप्पांनी आपली गावाकडची वडिलोपार्जित नारळाची वाडी विकून तो मळा घेतला. लोक हसले. अप्पांनी नवी रोपे लावली, सावलीला फणस राखले. साहेबाने टाकलेली मी, मला त्यांनी मुंबईला आणले. उन्हाळ्यात मळा जाईसारखा पांढरा फुले, थंडीत लाल फळे खुडत, आणि वाळलेल्या बियांचे पहिले पोते आगगाडीने गिरगावात येई.

त्या पोत्याचा पहिला मान देवाचा. एकादशीला वाडीच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन असे. पूर्वरंग आटोपला की बुवांना हार घालत आणि तेवढ्या वेळात त्यांच्या हाती आमची कॉफी देत. घोट घेऊन बुवा उत्तररंगाला उभे राहिले की काय आवाज लागे! ऐकणाऱ्याला घरदार आठवत नसे. आरतीनंतर साऱ्या वाडीला तीच कॉफी मिळे, दूध-साखर आणि जायफळ घातलेली.

अप्पांच्या मागे मळा त्यांची लेक सुनंदा सांभाळू लागली. गिरगावात राहिला नातू अच्युत. छप्पन्न साली कुर्ग म्हैसूर राज्यात गेला. अच्युत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला जाणारा. सुनंदाआत्या गिरगावात आल्या तेव्हा तो म्हणाला, "आत्या, इथे आम्ही घसा फोडून आपलं राज्य मागतोय आणि मळा परक्या राज्यात! विकून टाकू."

"झाडांना कुणी विचारलं होतं का रे, कुठल्या राज्यात जाता म्हणून?" सुनंदाआत्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पण मी थकले. बघणारं कुणी नसेल, तर वीक बाबा. सही देईन."

पुढच्या फाल्गुनातल्या एकादशीचे कीर्तन झाले आणि दुसऱ्या सकाळी माटुंग्याचे एक कॉफीचे व्यापारी मळ्याचा सौदा करायला आले. अच्युतची बायको बेबी हिने त्यांच्यासाठी माझ्यात ताजी कॉफी दळली. दूध नको, साखर नको, असे त्यांनीच सांगितले. व्यापाऱ्यांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "माल मसाल्याच्या कोठारात ठेवला होता? वास धरलाय. सगळं पीक वाया."

सही द्यायला आलेल्या सुनंदाआत्यांचा चेहरा पडला. बेबीने जीभ चावली. "अगं बाई! काल कीर्तनाचं जायफळ मी ह्याच चक्कीत दळलं!"

"कमाल आहे तुझी!" अच्युत ओरडला. "जा, खलबत्त्यात कुटून आण."

दुसरा कप आला. व्यापारी ठसकलेच. खलबत्त्यात आदल्या आठवड्यात परभी संभार, आमच्याकडचा मासळीचा तिखट मसाला, कुटला होता. "वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "ह्यात आता मासळी तेवढी राहिली!" सगळे हसले.

शेवटी त्यांनी भाजलेली बी उचलून दाताखाली फोडली. चावता चावता मान डोलावली. "उत्तम आहे. जुनी झाडं. आम्ही मात्र ती तोडून नवी जात लावणार."

अच्युतनेही एक बी तोंडात टाकली. चावली. दुसरी घेतली. 

"आत्या, ही आपली कॉफी?"

"मग कुणाची?"

"जन्मभर मी जायफळच पीत आलो की गं!" मग तो व्यापाऱ्यांकडे वळला. "माफ करा, सौदा राहू द्या. मी मळा अजून धड पाहिलेलाही नाही."

त्या वैशाखात तो कुर्गला गेला आणि आत्यांच्या मागोमाग झाडे छाटायला शिकला. साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा गिरगावात पेढे वाटले आणि अच्युत मळ्यात होता. परत आला तो कॉफीसाठी नवी चक्की घेऊनच.

मला आता फक्त जायफळ मिळते, तेही कीर्तनाच्या दिवशी. एरवी धूळ बसते. चालायचेच. पण मित्रांनो, घरातली एखादी जुनी गोष्ट विकायला काढाल, तेव्हा आधी ती स्वतः चाखून पाहा, वर काहीही न घालता. आणि जमल्यास माझे दात कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याने गंज चढतो.