उंबऱ्यावरची खुर्ची

मित्रांनो, जरा मान वर करा. मी इथे, तुमच्या डोक्यावर टांगलेला आहे. समुद्राच्या भिंतीतला जुना लोखंडी दरवाजा. रोज माझ्याखालून ये-जा करता, पण वर कोण बघतंय म्हणा!

आमचा मुलूख केवढासा! तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे खाजणाची दलदल आणि मधे एकुलती एक टेकडी. बाकीची जमीन ताटासारखी सपाट, मोठ्या भरतीला तर पाण्याहूनही खाली. आणि माणसं किती? या खिडकीतून त्या खिडकीत मिठाची वाटी हात लांबवून देता येते. एवढ्या जिवांना समुद्राने गिळू नये म्हणून भिंत बांधली आणि गल्लीतून धक्क्यावर जाणाऱ्या वाटेवर मला बसवलं. वादळाचा भोंगा झाला की दोन्हीकडच्या खाचांतून खाली उतरायचं आणि उंबऱ्याच्या दगडावर घट्ट टेकायचं, हे माझं काम.

तरुणपणी माझं कोण कौतुक! दरसाल नवा रंग, साखळ्यांना ग्रीस. पहिल्या वादळात मी पाणी अडवलं, तेव्हा बायाबापड्यांनी येऊन माझ्यावर हात फिरवला. मग बरीच वर्षं मोठं वादळ आलंच नाही. झालं! मी नुसता सावलीपुरता उरलो. कुणी साखळीवर टॉवेल वाळत घातले, कुणी खाचेत झाडू खोचले. शेवटी न्हाव्याने ऐन उंबऱ्यावर खुर्ची मांडली. वारा लागतो तो इथेच, त्याचं तरी काय चुकलं? पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्यांनी वस्तरा हलायला लागला, तेव्हा त्याने खुर्चीचं बूड दगडात बोल्टांनी आवळून टाकलं.

मला खाली उतरवणारं चाक फिरवायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीकडे होतं. तिने विचारलं, "दादा, वेळ आली तर काढशील ना?"

"अगं, चार नट तर आहेत! चुटकीसरशी काढतो."

खुर्ची मात्र झकास होती. बिडाची, मागे कलणारी. अख्ख्या गल्लीत पाय पसरायला मिळत ते तिच्यावरच. दाढीच्या निमित्ताने लोक खुशाल डुलकी काढत. न्हाव्याचं घर तिच्यावर चालत होतं.

पण आमची हवा पडली खारी आणि दमट. इथे काडेपेटी सादळते, कुलपं गंजून बसतात. त्या नटांचं काय होतंय ते मला वरून रोज दिसत होतं. जीव नुसता तळमळत होता, पण मी सांगणार कसा?

गेल्या मोसमात भर दुपारी भोंगा झाला. आभाळ काळंठिक्कर, समुद्र धक्क्याच्या पायऱ्या चढत होता. बहीण धावत चाकापाशी आली.

"दादा, काढ लवकर!"

त्याने पाना लावला. नट हलेना. रॉकेल ओतलं. पाना सटकला आणि बोटं सोलवटली. नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. तेवढ्यात पहिली लाट उंबरा ओलांडून गल्लीत शिरली. पहिलीच खोली या भावंडांची, आणि आत त्यांचे वडील आप्पा अंथरुणाला खिळलेले.

"आप्पांना टेकडीवर न्या!" कुणीतरी ओरडलं. नेणार कुठून? गल्ली माणसांनी आणि गाठोड्यांनी गच्च भरली होती. मागच्याला मागे सरकायला जागा नव्हती.

बहिणीने चाक फिरवलं. मी कुरकुरत उतरलो आणि खुर्चीच्या वर येऊन थांबलो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आता पाणी आत गेलं तर माझ्या असण्याला काय अर्थ?

"दादा, बोल ना काहीतरी!"

न्हाव्याने शेजारच्या गवंड्याच्या हातातला घण हिसकावला आणि खुर्चीच्या खांबावर घातला. पुन्हा घातला. बीड वाकत नाही, फुटतं. खुर्ची आडवी झाली. आत ओढून ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून त्याने ती समुद्राच्या बाजूला ढकलली.

"सोड आता!" तो ओरडला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मी खाली आलो. खुर्चीचं बूड आडवं आलं, बोटभर फट राहिली. न्हाव्याने आधी आपली दाढीची चादर कोंबली, मग घराघरातून गोधड्या आल्या. आप्पांच्या खाटेच्या पायांना लागलेलं पाणी तिथेच थांबलं. रात्रभर समुद्र मला धडका देत होता आणि मी हललो नाही.

आता ते बूड छिन्नीने काढून टाकलंय. न्हावी स्वतःच्या दारात स्टुलावर गिऱ्हाईक बसवतो. गुडघे पोटाशी घेऊन दाढी करून घ्यावी लागते, डुलकी कसली काढताय! गिऱ्हाइकंही कमी झालीत. तरी त्याने मला कधी बोल लावला नाही.

परवा एका फळवालीने उंबऱ्यावर टोपली ठेवली. "रिकामीच तर जागा आहे, भाऊ," ती म्हणाली.

न्हाव्याने कात्री खाली ठेवली. टोपली उचलून आपल्या दारात नेली आणि तिला जागा करायला स्वतःचं स्टूल आत सरकवलं.

"रिकामी नाही ती, ताई," तो म्हणाला. "वरच्या दरवाजाची आहे."

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं तेवढंच आहे.