आपल्या बोलीतलं अस्वल

दिवाळीची सुट्टी लागली की नवी मास्तरीण काय करते? घरी जाते, आईच्या हातचं खाते, दुपारभर ताणून देते. माधवी खोब्रागडेनं तसं केलं असतं तर तिच्या भावाचं डोकं तरी शाबूत राहिलं असतं. पण एटापल्लीहून बल्लारपूरला पोचल्या पोचल्या, बॅगसुद्धा खाली न ठेवता तिनं विचारलं, "धम्मदीपदादा, ते अस्वलाचं पिक्चर आठवते का तुले?"

धम्मदीप चहा पीत होता. "कोणतं अस्वल?"

"अयूबचाचाच्या व्हिडिओवरचं. रविवारी सकाळी लागे ते. कापडाचं अस्वल, लाल फेट्याचं. डोक्यावर मडकं घेऊन बाजाराले जाते, मध विकाले. आन् आपल्या बोलीत बोलते."

"बाजाराले नाई, लग्नाले. नवरदेव होता तो."

"नवरदेव? काहीही काय!"

"मडक्यात आहेर होता, माधवी. मले चांगलं आठवते."

तिनं हात जोडले. सख्खा भाऊ, एकाच फाटक्या सतरंजीवर शेजारी बसून पाहिलेलं पिक्चर, आणि याला नवरदेव दिसतो! बरं, शेजारचा मुखरू तरी शहाणा असेल म्हणून त्याला हाक मारली. तर तो म्हणाला, अस्वल चोर होतं आणि मडक्यात पाटलिणीचे दागिने होते. आता बोला!

एवढा आटापिटा कशासाठी, तेही सांगायला हवं. २००४ सालच्या जूनमध्ये माधवी शिक्षणसेवक म्हणून एटापल्लीपासून दोन कोसांवरच्या एका गावात रुजू झाली. पहिलीत चौदा पोरं. चौदाही घरी माडिया बोलणारी, आणि बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरं पाणी मागताना 'येर' म्हणतात, एवढा एक शब्द तिला चार महिन्यांत आला होता. बाकीची पोरं निदान मान तरी हलवत. बुधरी नावाची एक पोरगी मात्र कोपऱ्यात बसून नुसती बघत राही. जूनपासून तिनं वर्गात एक अक्षर काढलं नव्हतं.

सुट्टीच्या दोन दिवस आधी तिचा बाप इसरू शाळेत आला. कामापुरती मराठी त्याला येत होती. "घरी पोरगी लय बोलते," तो म्हणाला. "इथी बोलत नाई. मग कायले येते? दिवाळीनंतर ढोरामागं जाईल."

माधवीनं विनवण्या केल्या. शेवटी तो एवढंच कबूल झाला की सुट्टी संपल्यावर एक दिवस पोरीला पाठवेन. एकच दिवस. त्या दिवशी काही झालं नाही तर बुधरी गेली. आणि ती गेली तर मागोमाग आणखी चारजणी जाणार, हे माधवीला दिसत होतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. डी.एड.ला दोन वर्षं घासली ती याचसाठी का, असं तिच्या मनात येत राहिलं.

मग तिला ते अस्वल आठवलं. अयूबचाचाच्या व्हिडिओ सेंटरची ती अंधारी खोली, साठ-सत्तर पोट्टे, आणि अस्वल विचारी, "कोण्या रस्त्यानं जाऊ रे, पोट्टेहो?" झालं! सगळी खोली बोंबलून उत्तर देई. त्या अस्वलाला उत्तर दिलं नाही असं पोरगं बल्लारपुरात नव्हतं. शाळेत कुठल्याशा योजनेतून आलेला रंगीत टीव्ही कापड पांघरून पडलेलाच होता. तेवढी कॅसेट मिळाली की बुधरीसुद्धा बोलेल, हा हिशेब तिनं मनाशी पक्का केला.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रपूरला गेली. चार दुकानं पालथी घातली. तिथं सीड्यांचे ढीग होते, कार्टून होती, गोष्टी होत्या, पण सगळं हिंदीत नाही तर इंग्रजीत. पाचव्या दुकानदारानं तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, 'मले, तुले' करणारं अस्वल?"

"हो."

"पिक्चरमध्ये?"

"हो म्हणते ना!"

"भेटलं तर एक कॉपी मलेही द्या. बाई, आपल्या बोलीत पिक्चर कोण काढते? तुमाले स्वप्न पडलं असंल."

ती तणतणत बाहेर पडली खरी, पण स्टँडवर बसल्यावर तिची तीच गडबडली. खरंच, कोण काढणार? मग ते बोललं कसं? भावाचा नवरदेव, मुखरूचा चोर आणि आपला मधवाला, यातलं खरं कोणतं? की तिघांनी तीन पिक्चरं पाहिली आणि तिन्हींत लाल फेटाच होता? तिला स्वतःच्या आठवणीचाच राग आला. असला गोंधळ घेऊन माणसानं कुणाला काय शिकवावं?

आता अयूबचाचाच राहिले होते. व्हिडिओ बंद पडल्यावर ते ब्रह्मपुरीला जाऊन मिक्सर, पंखे दुरुस्त करत होते. भाऊबीज उरकून माधवीनं एसटी पकडली. चाचांनी तिला लगेच ओळखलं. "देवरावभाऊची पोरगी ना तू? पहिल्या ओळीत बसून सगळ्यात जास्त कल्ला करे ती!" त्यांच्या बायकोनं, सुलतानाचाचीनं, शेवयांची वाटी पुढं ठेवली. माधवीनं शेवया खाता खाता विचारलं. चाचा उठले, माळ्यावरून एक कॅसेट काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि जुन्या व्हीसीपीत घातली.

लाल फेटा! डोक्यावर मडकं! माधवीच्या हातातला चमचा थांबला. अस्वल पुलावर आलं, त्यानं तोंड उघडलं, आणि आतून बाईच्या बारीक आवाजात भराभर तेलुगू बाहेर पडलं.

"हे नाई, चाचा."

"हेच होय."

"नाई नाई. त्याचा आवाज जाड होता. खोकल्यासारखा. आन् आपल्या बोलीत."

"बेटा, हेच होय."

"तुम्ही दुसरी लावली! त्या अस्वलाची दुसरी कॅसेट असंल. नीट पाहा ना, चाचा!" तिचा आवाज रडवेला झाला होता. चाचा मात्र हसत सुटले. हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि तो खोकला ऐकून माधवी चमकून त्यांच्याकडे बघायला लागली.

"सांगा ना तिले," चाची ओरडल्या. "पोरगी रडाले आली, आन् यायले मजा वाटून राह्यली!"

मग चाचांनी सांगितलं. पोरांची म्हणून त्यांच्याकडे एकच कॅसेट होती. मद्रासकडून येणाऱ्या गाडीतल्या एका फेरीवाल्याकडून घेतलेली, चित्र बघून. घरी आल्यावर कळलं, तेलुगू! पहिल्या रविवारी कोळसा खाणीतल्या तेलुगू लोकांची पोरं हसली आणि बाकीच्यांनी चपला फेकल्या. दुसऱ्या रविवारी चाचांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि पडद्यामागं बसून स्वतःच बोलायला लागले.

"आता दर रविवारी तेच तेच कसं बोलू? एका रविवारी त्याले बाजाराले धाडलं. एका रविवारी त्याचं लगीन लावलं. एकदा चोरही केलं. पोट्टे समजे, नवं पिक्चर आलं. कुणीच नाई ओळखलं!"

म्हणजे धम्मदीप खरा, मुखरू खरा, तीही खरी. माधवीला हसावं की रडावं कळेना. जे शोधत ती वणवण फिरली ते पिक्चर कुणी काढलेलंच नव्हतं. "मग मी शाळेत काय नेऊ, चाचा?" तिनं विचारलं. चाचांनी व्हीसीपी आणि कॅसेट पिशवीत घालून तिच्या मांडीवर ठेवली.

सुट्टी संपली. ठरल्याप्रमाणे बुधरी आली आणि कोपऱ्यात बसली. नशिबानं वीज होती. माधवीनं आवाज बंद केला, टीव्हीमागं उभी राहिली आणि घसा जाड करून मराठीत बोलायला लागली. घरी आरशापुढं चार दिवस सराव केला होता बिचारीनं. "कोण्या रस्त्यानं जाऊ रे, पोट्टेहो?" पोरं तिच्याकडे बघत राहिली. तिनं पुन्हा विचारलं, हातवारे केले, उड्यासुद्धा मारल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. ढोरं बाहेर थांबवून दारात इसरू येऊन उभा होता, पोरीला न्यायला. माधवीचा धीरच खचला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसायला लागली. अस्वल आपलं मुकाट चालत राहिलं.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. खणखणीत, न अडखळता. बुधरी उभी राहून टीव्हीकडे बोट करत बोलत होती. दुसऱ्यानं तिला काहीतरी उलट सांगितलं. तिनं त्याला झापलं. मग तिसरा, मग सगळेच! अस्वल तोंड उघडी आणि बुधरी त्याचं बोले. पुलावरचा कोल्हा तोंड उघडी आणि चारजण भांडून त्याचं बोलत. वर्ग खदखदून हसत होता. काय बोलताहेत, कशाला हसताहेत, माधवीला काही म्हणजे काही कळेना. ती एकदा टीव्हीकडे बघे, एकदा पोरांकडे.

"येर! येर!" बुधरी ओरडली.

हा शब्द येत होता! माधवी धडपडत उठली आणि माठातलं पाणी पेल्यात घेऊन धावली. सगळा वर्ग लोळायचा बाकी राहिला. टीव्हीवर अस्वल मडक्यासकट नदीत पडलं होतं.

बुधरीनं पेला हातात घेऊन खाली ठेवला. मग बाईंचा पदर धरून त्यांना टीव्हीपुढं बसवलं, नदी दाखवली, अस्वल दाखवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगू लागली, लहान लेकराला सांगतात तसं. माधवीनं तिच्यामागून म्हणायचा प्रयत्न केला. चुकलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.

"इसरूभाऊ, काय म्हणते ही?"

"म्हणते, बाईले काईच येत नाई." इसरूनं हसू दाबलं. "म्हणते, रोज शिकवा लागंल."

मग त्यानं खांद्यावरची काठी सारखी केली आणि ढोरं घेऊन एकटाच निघून गेला.