देवघरात गेलेली पहिली तक्रार

मी एक फळा. काळा होतो, आता करडा म्हणावा असा. जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय याची खात्री नाही. फळ्याची आठवण म्हणजे डस्टर सोडेल तेवढीच. त्यातून माझी पस्तीस वर्षं महाविद्यालयाच्या गणित विभागात गेली, त्यामुळे सिद्ध न झालेलं बोलायला मन धजत नाही. तरी बोलतो.

विभागात चकचकीत पांढरे फळे आले आणि मी मोडीत निघालो. नुकतेच निवृत्त झालेले प्राध्यापक कल्याणप्पा मला मागून घेऊन टेम्पोतून बेंबळीच्या वाचनालयात आले. दर रविवारी सकाळी तिथं त्यांची मंडळी जमे. नंदीश आणि शिवांजली हे दोघे प्रोग्रॅमर, भूमहून एसटीनं येणारे मल्हार, आणि वाचनालय सांभाळणाऱ्या उमादेवी. गावोगावच्या वाचनालयांसाठी ते मुक्त सॉफ्टवेअर लिहीत होते. मुक्त म्हणजे कुणीही फुकट वापरावं, आतलं उघडून बघावं, दुरुस्त करावं. त्यातल्या चुका माझ्यावर लिहिल्या जात. वर मधोमध ‘श्री’, खाली तक्रारी. डस्टर ‘श्री’ला वळसा घालून जाई.

अडचण एवढीच, की झाडायला येणाऱ्या अयोध्यामावशी फळाही स्वच्छ करत. ‘पुसू नये’ हे त्यांनी सगळ्यात आधी पुसलं.

उमादेवींची एक तक्रार अशी तीनदा पुसली गेली. लिंबाजी नावाचे सभासद वारले होते, पण सॉफ्टवेअरला ते ठाऊक नव्हतं. दर रविवारी त्यांच्या फोनवर निरोप जाई, ‘लिंबाजी, शेळीपालनाचं पुस्तक परत करा.’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तो नातीकडून वाचून घेत आणि घरात सापडेल ते पुस्तक घेऊन येत. एकदा पंचांग. एकदा बियाण्यांचं माहितीपत्रक. एकदा कुकरबरोबर आलेली पुस्तिका.

“ह्येच आसंल का बघा,” त्या म्हणत. “माणूस गेला, त्याच्या नावावर उणं नको.”

उमादेवींना नाही म्हणवत नसे. त्या कुकरच्या पुस्तिकेवर शिक्का मारून ती कपाटात ठेवत आणि मग दिवसभर कुणाला चहा विचारत नसत.

शेवटी तक्रारींसाठी न पुसलं जाणारं काहीतरी निवडायचं ठरलं. म्हणजे माझ्या जागी कोण, याची चर्चा माझ्याच अंगावर लिहिली गेली.

“तक्रारी नोंदवायला सगळं जग वापरतं ती परदेशी साइट घेऊ,” नंदीश म्हणाला. “तिथं लोक लई येतेत.”

“आपलं सॉफ्टवेअर मुक्त, अन् तक्रारी दुसऱ्याच्या घरात?” शिवांजली म्हणाली. “उद्या त्यानं दार लावलं तर? मुक्त तक्रारपेटी मिळती. आपल्याच कॉम्प्युटरवर बसवू.”

“व्हॉट्सअॅप ग्रुप हाय की,” मल्हार म्हणाले.

“त्यात माझी तक्रार गुलाबाच्या फुलांखाली गेली,” उमादेवी म्हणाल्या. “फुलं तुम्हीच धाडलेली.”

कल्याणप्पांनी सतरा निकष काढून तक्ता आखला, गुण दिले. साइट आणि पेटी, दोन्हींची बेरीज सारखीच आली. त्यांनी निकष एकोणीस केले. पुन्हा सारखीच. मग त्यांना बेरजेचीच शंका आली. हा स्वभाव त्यांचा मला लागला की माझा त्यांना, सांगता येत नाही. तीन रविवार गेले, कपाटात आणखी तीन पुस्तकं आली.

“मला मराठीत लिहिता येईल ती कोणती?” उमादेवींनी विचारलं. शिवांजलीची. ठरलं.

पेटीत पहिली नोंद कल्याणप्पा सरांनी करावी असं सगळे म्हणाले. कोऱ्या पानावर जे लिहितात तेच सरांनी लिहिलं. ‘श्री’. पेटीनं त्याला तक्रार क्रमांक एक दिला. क्रमांक दोन उमादेवींची. नंदीशनं ती चूक चार दिवसांत दुरुस्त केली.

पण सरांनीच एक नियम पेटीला शिकवून ठेवला होता. एकही तक्रार उघडी असेल तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. क्रमांक एक उघडी होती, म्हणून क्रमांक दोनची दुरुस्तीही अडकली.

“सर, मिटवा की ती,” शिवांजली म्हणाली.

“कारण निवडावं लागतं,” सर म्हणाले. त्यांना घाम आला होता. “‘दोष दुरुस्त केला’ म्हटलं, तर ‘श्री’त दोष होता असं होतं. ‘पुन्हा आढळत नाही’ म्हटलं, तर मी नास्तिक ठरतो.”

“‘आधीच नोंदवलेली’ म्हणा,” नंदीश म्हणाला. “फळ्यावर आहेच.”

“तू मिटव मग.”

नंदीश चहा सांगायला उठला. त्यानंतरचे दोन रविवार हेच चाललं. तिसऱ्या रविवारी लक्ष्मीबाई पिशवीतून नातीचं भूगोलाचं पुस्तक काढत दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “घर बदलताना तुम्ही देव मिटवता व्हय? हलवतेत त्याला.”

शिवांजलीनं त्याच पेटीत ‘देवघर’ नावाचा वेगळा कप्पा केला. कल्याणप्पांनी पायातल्या चपला काढल्या आणि क्रमांक एक तिकडं हलवली. नवी आवृत्ती गेली. पुढच्या रविवारी लिंबाजींच्या फोनवर काही आलं नाही. लक्ष्मीबाई त्या दिवशी रिकाम्या हातांनी आल्या, पंधरा मिनिटं बाकावर बसल्या आणि गेल्या. उमादेवींनी मल्हारना स्वतःहून चहा दिला.

आता माझ्यावर नव्या पुस्तकांची नावं लिहितात. उजवा कोपरा पोपडलाय. रंग द्यायचा असेल तर द्या, पण आधी विचारा. मला वासाचा त्रास होतो असं वाटतं, नक्की नाही.

एक मात्र नक्की. चार वर्षांनी पुस्तकांची मोजणी निघाली तेव्हा उमादेवींनी कॉम्प्युटरचं टेबल हलवलं. त्याच्या आखूड पायाखाली शेळीपालनाचं पुस्तक निघालं. आत परतीचा शिक्का होता, तारखेसकट. लिंबाजींनी ते मुदतीच्या चार दिवस आधीच आणून दिलं होतं.