समुद्र गोठेपर्यंत

केटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे निविआकच्या लक्षात आलं की घर केव्हाचं गप्प आहे. चार वर्षांचं पोर असलेलं घर असं गप्प असणं काही चांगलं लक्षण नव्हे.

"आजी?" सुई कातड्यात तशीच खोचून ती उठली. "ए आजी, कुठे आहेस?"

आजी म्हणजे तिची लेक, उलायुक. निविआकची आजी गेली आणि पाठोपाठ ही जन्मली, तिचंच नाव घेऊन. नाव आलं की माणूसही परत येतं. म्हणून आई लेकीला आजी म्हणे, लेक आईला नाती म्हणे, आणि बाप, साविक, चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणे, "आजेसासूबाई, माझे मोजे दिसले का?"

आजी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

"हळू बोल, नाती. पाहुणी आलीय. तिला सगळं ऐकू येतं."

बाहेर पायरीवर पांढरी अस्वलीण होती. तिने चरबीच्या बादलीत तोंड खुपसलं होतं आणि मागे दोन पिल्लं जिभल्या चाटत उभी होती.

सकाळी शिकारीचा सील सोलून ती बादली निविआकनेच बाहेर ठेवली होती. आत घेते, आत घेते म्हणता राहून गेली. दाराची कडीही लावलेली नव्हती. या दिवसांत गावात कुणीच लावत नाही, न जाणो कुणाच्या मागे अस्वल लागलं तर मिळेल त्या घरात शिरता यावं. तिने अलगद कडी सरकवली, लेकीला कडेवर घेतलं आणि वॉकीटॉकीवर साविकला हाक मारली. आज अस्वलांसाठी गावाच्या पहाऱ्यावर तोच होता.

त्याने बंदुकीचा बार नुसता हवेत काढला. अस्वलीण सावकाश वळली, पिल्लांना पुढे घालून टेकडीआड गेली.

"जेवण आवडलं म्हणे," आत येत साविक म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "चव लागली तिला. आणखी एकदा आली तर हाकलू. तिसऱ्यांदा आली तर..." लेकीकडे बघून तो थांबला.

"पिल्लं आहेत रे तिच्याबरोबर."

"म्हणून तर उपाशी आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळला तेव्हापासून सील कुठे मिळालाय तिला? समुद्र गोठला की जाईल."

समुद्र मात्र खुशाल लाटा मारत होता.

चरबीचा वास जावा म्हणून निविआकने पायरी गरम पाण्याने घासली, वाळूने घासली, परत पाण्याने घासली. शेजारचा म्हातारा आलुक दारात येऊन हसला. "काय गं, लग्न काढलंस की काय घरात?"

"हसा काका. चूक माझी, आणि जीव तिचा जायचा."

"तिच्याबद्दल वाईट बोलू नकोस म्हणजे झालं. वाऱ्याकडे बघ. उत्तरेचा सुटलाय, टिकला तर समुद्र गोठेल."

दुसऱ्या दिवशी ती आलीच. पायरी हुंगली, रिकाम्या जागी पंजा ओढून पाहिला. पुन्हा बार झाला, पुन्हा टेकडी. निविआकला जेवण गेलं नाही.

पण वारा हटला नाही. एका सकाळी जाग आली ती लाटांचा आवाज बंद झाल्यामुळे. तिघंही किनाऱ्यावर धावली. साविकने काठीने बर्फ ठोकून पाहिला. "माणसाला अजून कच्चा आहे."

"तिला पुरतो," निविआक म्हणाली.

पुष्कळ पुढे अस्वलीण चालली होती, पाय फाकवून, वजन वाटून घेत. पातळ जागी पोटावर सरपटली. एक पिल्लू तिच्या पावलावर पाऊल ठेवत गेलं, दुसरं काठावरच कुरकुरत बसलं. निविआक हसली, तिला तो हट्ट ओळखीचा वाटला. अस्वलीण थांबली, वळली, घशातून काहीतरी म्हणाली. तसं ते पिल्लू उठून धडपडत पळत सुटलं.

"चला, सुटली एकदाची माय-लेकरं," साविक म्हणाला. "आजेसासूबाई, घरी चला, चहा प्या."

आजी जागची हलली नाही. आईची बाही धरून ती समुद्राकडे बघत राहिली.

"नाती, तिने त्याला कुणाच्या नावाने हाक मारली गं?"