ओल्या चकत्या

बुरशीबाईला त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. प्रयोगशाळेत येऊन तास झाला नव्हता, तेवढ्यात तिनं इनक्युबेटरच्या उबदार कपाटाच्या काचेतून चार वेळा डोकावून घेतलं होतं. बुरशीबाई हे नाव बाबांनी ठेवलेलं. दिवसभर बुरशी वाढवणाऱ्या मुलीला बाप दुसरं काय म्हणणार?

पण या वेळची बुरशी बाबांचीच होती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या, थिनरनं हात धुतले, आणि आता कुठं घरी बसले तर तळहातांना ही ब्याद चिकटली. दोन वर्षं मलमं झाली. गोळ्या सुरू केल्या तर यकृतानं हात टेकले, त्या बंद कराव्या लागल्या. त्यातच दोन महिन्यांपूर्वी दादाला मुलगा झाला. हात बरे होईपर्यंत बाळाला शिवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि बाबांनी ते असं काही मनावर घेतलं की पाळण्याजवळ उभे राहायचे तेसुद्धा हात पाठीशी धरून. "काय रे ठोंब्या," एवढंच म्हणायचे आणि आपल्या खोलीत निघून जायचे. तिला ते बघवायचं नाही.

म्हणून मग कांद्याची सालं. त्या वरच्या कोरड्या सालीत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं असतात, आणि काही बुरशींना ती भारी पडतात, असं तिनं वाचलं होतं. आईनं महिनाभर सालं साठवली. तिनं ती अल्कोहोलमध्ये भिजवून तांबूस अर्क काढला. बाबांनी बाटली उजेडात धरून बघितली. "रंग झकास आलाय. एक खिडकी रंगवून होईल यात," म्हणाले. थोडा अर्क मलमात कालवून ते तीन आठवडे हाताला लावत होते. खाज कमी झाली होती. पण खाज काय, नुसत्या मलमानंही कमी होते; खरं काय ते प्लेटच सांगणार होती.

अर्क लावण्याआधीच तिनं बाबांच्या तळहाताची खपली खरवडून ठेवली होती; त्यातली बुरशी तिनं आता प्लेटांमध्ये वाढवायला घातली. एका प्लेटवर अर्कात बुडवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या, दुसरीवर नुसत्या अल्कोहोलच्या, म्हणजे गुण सालीचा की अल्कोहोलचा याचा पडताळा राहील. आज सहावा दिवस होता.

शेवटी तिनं कपाटाचं दार उघडून वरची प्लेट काढली. पांढऱ्या कापसासारखी बुरशी सगळीकडे माजली होती, आणि प्रत्येक चकतीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं वर्तुळ! "अगं बाई!" ती एकटीच ओरडली. तशीच तिनं घरी फोन लावला.

"बाबा, मेली! तुमच्याच हाताची बुरशी, आपल्या सालीनं मारली!"

पलीकडून बाबा हळूच म्हणाले, "मग... घेऊ का गं त्याला?"

"घ्या की!" ती म्हणाली. अशी सहज, कोणी चहा घेऊ का विचारावं तशी.

फोन ठेवला आणि मग तिनं दुसरी प्लेट काढली. नुसत्या अल्कोहोलची. तिथंही वर्तुळं होती. तेवढीच मोठी, तेवढीच स्वच्छ.

चकत्या! अर्कात बुडवल्यावर तासभर वाळू द्यायच्या, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं, मग ठेवायच्या. नव्या मुलींना ती हे रोज ओरडून सांगायची. आणि स्वतःच्या बापाच्या वेळी घाईघाईनं ओल्याच चिकटवून मोकळी झाली होती. बुरशी मारली ती अल्कोहोलनं. सालीचं काय, ते देवाला ठाऊक.

तिनं घरी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. वहिनीचा लावला, दादाचा लावला. एकालाही कान नाहीत जणू! अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून ती जिना उतरली. बसमध्ये बसायला जागा होती, पण ती दाराशीच उभी राहिली. प्रत्येक सिग्नलला मनातल्या मनात ड्रायव्हरचा उद्धार करत होती. त्या बिचाऱ्याचा काय दोष? जीभ तर हिची घसरली होती.

घराचं दार उघडंच होतं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर बाळ. एक हात त्याच्या डोक्याखाली, दुसऱ्याचं बोट बाळाच्या मुठीत. आई आणि वहिनी शेजारी उभ्या राहून हसत होत्या. फोन आतल्या खोलीत वाजून वाजून दमले असतील. बाबांचे डोळे भरून आले होते.

"बघ, बघ कसं धरलंय मला," ते म्हणाले. "सोडतच नाही लेकाचा!"

तिला वाटलं, गप्प बसावं. दहा मिनिटं. पाच तरी. मग ती बोलली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"बाबा, खाली ठेवा त्याला. माझं चुकलं."

वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती चटकन पुढं झाली, बाळाची मूठ सोडवली आणि त्याला उचलून अंग पुसायला आत घेऊन गेली. जाताना तिनं नणंदेकडे मुद्दाम पाठ केली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा आपल्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिले. "चुकलं म्हणजे काय झालं?"

"चकत्या वाळायच्या आधीच ठेवल्या. आता सालीत गुण आहे की नाही, काहीच सांगता येत नाही. पुन्हा करावं लागेल."

"रंगाऱ्याची पोर तू," ते म्हणाले, "आणि ओल्यावर दुसरा हात मारलास?"

तिला रडू फुटलं. आई पदरानं तिचं तोंड पुसू लागली, तसं ते आणखीच वाढलं.

वहिनीनं बाळाला परत आणून पाळण्यात ठेवलं. ते रडायला लागलं. एरवी रडायचं तसं नाही, मान वळवून, खिडकीकडे बघत. बाबा ताडकन उठले. दोन्ही हात पुढं करून पाळण्यापर्यंत गेले, आणि तिथं थांबले. मग हात सावकाश मागे नेऊन त्यांनी पाठीशी एकात एक घट्ट धरले.

"किती दिवस लागतील?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"सात."

"आठ लागू देत," ते म्हणाले. "पण वाळू दे गं या वेळी."